पोटाला सोसणारी पेनकिलर हृदयाला सोसेलच असं नाही

पेनकिलर घेताना एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘ॲसिडिटी तर होणार नाही ना?’ प्रश्न रास्त आहे. या गोळ्यांनी जठराला जखम होते, कधी रक्तस्रावही होतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणून गोळी जेवणानंतर घेतली जाते, जोडीला ॲसिडिटीची गोळी असते आणि पुरेशी काळजी घेतली असं वाटतं. हृदयाबद्दल मात्र सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवं, कारण जठराला जपणारी गोळी हृदयालाही जपते असं नाही. काही गोळ्यांच्या बाबतीत तर नेमकं उलटं घडलं आहे.

कुठल्या गोळ्यांबद्दल बोलतोय ते आधी स्पष्ट करतो. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब, एटोरीकॉक्सिब ही सगळी एका कुळातली औषधं. डॉक्टर या कुळाला ‘एनएसएआयडी’ म्हणतात, म्हणजे स्टेरॉइड नसलेली पण सूज उतरवणारी औषधं. गुडघे, कंबर, दात, मुरगळलेला पाय, मासिक पाळी अशा कितीतरी दुखण्यांवर हीच घेतली जातात. पॅरासिटामॉल या कुळातलं नाही. ॲस्पिरिन आहे, पण त्याची तऱ्हा निराळी आहे. तिच्याकडे नंतर येऊ.

शरीरात कुठे इजा झाली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतात. त्यांच्यामुळे ती जागा सुजते, ठणकते, अंगात ताप येतो. ही रसायनं ज्याच्यामुळे बनतात त्या एन्झाइमचं नाव कॉक्स. त्याचे दोन प्रकार, कॉक्स-1 आणि कॉक्स-2. 1971 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिन याच निर्मितीच्या आड येतं. 1982 सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. वेदना कमी होण्यामागचं कोडं सुटलं, पण त्यासोबत एक अडचणही समोर आली. प्रोस्टाग्लँडिन आणि त्यांची भावंडं फक्त दुखण्यापुरती नसतात. जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करणं, किडनीचा रक्तपुरवठा टिकवणं, रक्तवाहिन्या सैल ठेवणं, ही कामंही तीच करतात. गोळी गिळली की ती रक्तातून सगळीकडे जाते. दुखऱ्या गुडघ्यापुरतं कॉक्स बंद करायचं आणि बाकीचं चालू ठेवायचं, हे तिला जमत नाही.

हृदयाचा धोका समजून घ्यायचा तर रक्तवाहिनीच्या भिंतीशी काय चालतं ते थोडं जवळून पाहावं लागेल. रक्तात प्लेटलेट नावाच्या बारीक चकत्या फिरत असतात. कुठे कापलं की त्या एकमेकींना चिकटून गुठळी करतात आणि रक्त थांबतं. चिकटण्याचा हुकूम देणारं रसायन म्हणजे थ्रॉम्बॉक्सेन. ते प्लेटलेटमध्येच बनतं आणि बनवतं कॉक्स-1. दुसरीकडे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात प्रोस्टासायक्लिन बनतं. ते प्लेटलेटना चिकटू देत नाही आणि वाहिनी सैल ठेवतं. त्याच्या निर्मितीत मोठा वाटा कॉक्स-2 चा असतो. या दोघांची अखंड रस्सीखेच चालू असते आणि दोन्ही बाजू तुल्यबळ असतात तोवर रक्त नीट वाहत राहतं.

आता अशी गोळी घेतली की जी कॉक्स-2 ला जोरात अडवते पण कॉक्स-1 ला फारसा धक्का लावत नाही, तर काय होईल? प्रोस्टासायक्लिन घटेल आणि थ्रॉम्बॉक्सेन जिथल्या तिथे राहील. निरोगी, गुळगुळीत वाहिनीत यानं लगेच काही बिघडेलच असं नाही. पण जिथे कोलेस्टेरॉलचा थर साचून वाहिनी अरुंद झाली आहे, तो थर तडकला तर तिथे प्लेटलेट जमायला लागतात. त्यांना आवरणारं रसायन नेमकं त्या वेळी कमी पडलं, तर छोटी गुठळी मोठी होते आणि वाहिनी बंद पडते. हृदयाच्या धमनीत असं झालं तर हार्ट अटॅक, मेंदूच्या धमनीत झालं तर पक्षाघात.

वायॉक्सनं काय दाखवलं

नव्वदच्या दशकात औषध कंपन्यांचा हिशोब सरळ होता. जठराचं रक्षण कॉक्स-1 करतं, सूज आणि वेदना कॉक्स-2 आणतं. मग फक्त कॉक्स-2 अडवणारी गोळी काढली तर वेदना जाईल आणि पोट शाबूत राहील. यातून ‘कॉक्सिब’ औषधं आली. सेलेकॉक्सिबला अमेरिकेत 1998 च्या अखेरीस मान्यता मिळाली आणि रोफेकॉक्सिबला 1999 मध्ये. रोफेकॉक्सिबचं बाजारातलं नाव वायॉक्स, कंपनी मर्क.

नोव्हेंबर 2000 मध्ये वायॉक्सची एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. संधिवाताचे 8,076 रुग्ण, निम्म्यांना वायॉक्स आणि निम्म्यांना नॅप्रोक्सेन. पोटाचे गंभीर त्रास वायॉक्सच्या गटात निम्म्यावर आले. जे साधायचं होतं ते साधलं होतं. पण त्याच शोधनिबंधात आणखी एक आकडा होता. हार्ट अटॅकचं प्रमाण नॅप्रोक्सेनच्या गटात 0.1 टक्का, तर वायॉक्सच्या गटात 0.4 टक्के. कंपनीचं म्हणणं पडलं की वायॉक्सनं अटॅक वाढवले नाहीत, नॅप्रोक्सेननं ते कमी केले. चाचणीत बिनऔषधाच्या गोळीचा गट नव्हताच, त्यामुळे हा दावा तिथल्या तिथे खोडताही येत नव्हता. पुढे डिसेंबर 2005 मध्ये, ज्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हा निबंध आला होता त्याच्याच संपादकांनी जाहीर केलं की वायॉक्सच्या गटातले 3 हार्ट अटॅक त्यात धरलेच नव्हते.

निकाल लावला तो दुसऱ्याच चाचणीनं. मोठ्या आतड्यातल्या गाठी पुन्हा होऊ नयेत म्हणून वायॉक्स उपयोगी पडते का, हे 2,586 जणांवर पाहिलं जात होतं. इथे निम्म्यांना बिनऔषधाची गोळी होती. वायॉक्सच्या गटात गुठळीमुळे झालेल्या हृदय-मेंदूच्या घटना 46 आणि दुसऱ्या गटात 26. आता नॅप्रोक्सेनची ढाल उरली नव्हती. 30 सप्टेंबर 2004 ला मर्कनं वायॉक्स जगभरातून मागे घेतलं. तोपर्यंत 80 हून अधिक देशांत ते विकलं गेलं होतं आणि 8 कोटींवर लोकांनी ते घेतलं होतं. 2007 मध्ये अमेरिकेतले खटले मिटवण्यासाठी कंपनीनं 485 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं.

मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे मधली जवळजवळ चार वर्षं. धोक्याची खूण 2000 मध्ये छापून आली होती. ‘हे नक्की कशामुळे?’ याचं उत्तर शोधण्यासाठी म्हणून खास चाचणी त्या काळात झालीच नाही. उत्तर मिळालं ते आतड्याच्या गाठींच्या अभ्यासातून, ओघानं.

जुन्या गोळ्यांचं काय?

वायॉक्स गेलं आणि अनेकांना वाटलं, धोका नव्या कॉक्सिब गोळ्यांपुरता होता. तसं नव्हतं. डायक्लोफेनॅक कितीतरी आधीपासून वापरात आहे, त्याला कुणी कॉक्सिब म्हणत नाही. पण प्रयोगशाळेत तपासलं तर कॉक्स-2 कडे त्याचा कल जवळपास सेलेकॉक्सिबइतकाच आढळतो.

2013 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात सहाशेहून अधिक चाचण्यांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. त्यातून निघालेलं चित्र असं: कॉक्सिब किंवा भरपूर मात्रेतलं डायक्लोफेनॅक, म्हणजे दिवसाला 150 मिलिग्रॅम, घेणाऱ्यांत हृदय-मेंदूच्या गंभीर घटना सुमारे एक तृतीयांशानं वाढतात. दिवसाला 2400 मिलिग्रॅम आयबुप्रोफेननंही हृदयधमनीचे त्रास वाढले. दिवसाला 1000 मिलिग्रॅम नॅप्रोक्सेनच्या बाबतीत अशी वाढ दिसली नाही. त्याचं कारण बहुधा असं की नॅप्रोक्सेन शरीरात बराच वेळ टिकतं आणि दिवसातून दोनदा नियमानं घेतलं तर प्लेटलेटमधलं कॉक्स-1 ही जवळपास दिवसभर दाबून ठेवतं. रस्सीच्या दोन्ही बाजू सारख्याच ढिल्या पडतात. पण त्याची किंमत पोट मोजतं. जठर-आतड्याच्या रक्तस्रावासारखे गंभीर त्रास कॉक्सिब आणि डायक्लोफेनॅकनं दुपटीच्या जवळ गेले होते, नॅप्रोक्सेन आणि आयबुप्रोफेननं साधारण चौपट झाले. हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद कमी पडण्याचा, धोका तर यातल्या प्रत्येक औषधानं अंदाजे दुप्पट केला, नॅप्रोक्सेनसुद्धा त्यातून सुटलं नाही.

सेलेकॉक्सिबबद्दल एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. 2016 मध्ये आलेल्या, 24 हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मध्यम मात्रेतलं सेलेकॉक्सिब हृदयाच्या बाबतीत आयबुप्रोफेन आणि नॅप्रोक्सेनपेक्षा वाईट ठरलं नाही. मात्रा वाढली की हा दिलासा लागू राहत नाही.

‘एक तृतीयांशानं वाढ’ हे ऐकायला भयंकर वाटतं, म्हणून त्याचा अर्थ नीट लावू. त्याच अभ्यासाचा हिशोब असा की 1000 जणांनी वर्षभर कॉक्सिब किंवा डायक्लोफेनॅक मोठ्या मात्रेत घेतलं तर एरवी झाल्या असत्या त्यापेक्षा सुमारे 3 गंभीर घटना जास्त होतात आणि त्यातली 1 जिवावर बेतते. हा सरासरीचा हिशोब झाला. मुळात धोका किती, यावर सगळं अवलंबून असतं. समजा एखाद्या तरुण, निरोगी गटात वर्षाला हजारातल्या एखाद्यालाच असा त्रास होतो. त्यात तिसरा हिस्सा वाढला तरी फरक जेमतेम जाणवेल. पण ज्यांना आधी अटॅक येऊन गेला आहे अशा हजारांत समजा 60 जणांना तो होणार असेल, तर तेच प्रमाण लावून 80 होतील. गोळी तीच, मात्रा तीच, पण 20 माणसं जास्त. म्हणून शेजाऱ्याला वर्षानुवर्षं चालणारी गोळी आपल्याला चालेल, हा तर्क इथे फार महागात पडू शकतो.

आणि ‘मी काय महिनोन्‌महिने घेत नाही, आठ-दहा दिवस तर घेतो’ हे? अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, जुलै 2015 मध्ये इशारा आणखी कडक केला: धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही दिसू शकतो आणि मात्रा व दिवस वाढतील तसा तो वाढतो. 2017 मध्ये सुमारे साडेचार लाख लोकांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात पहिल्याच आठवड्यापासून हार्ट अटॅकची शक्यता वाढलेली दिसली. अशा नोंदींच्या अभ्यासाला मर्यादा असतात. ज्या आजारपणासाठी गोळी घेतली, त्याचाही परिणाम त्यात मिसळलेला असू शकतो. पण अटॅक येऊन गेलेल्या 83 हजारांवर डॅनिश रुग्णांच्या 2011 च्या अभ्यासातही धोका उपचाराच्या सुरुवातीपासूनच वाढलेला होता. तेव्हा हृदयरोग असलेल्यांनी ‘थोडेच दिवस’ या विचारावर फार विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

युरोपच्या नियामक संस्थेनं 2013 मध्ये याबाबत सरळ भूमिका घेतली. हृदयधमनीचा आजार, पूर्वी झालेला पक्षाघात, पायांच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा किंवा हार्ट फेल्युअर असेल तर डायक्लोफेनॅक द्यायचं नाही. ॲसिक्लोफेनॅकलाही तिथे हीच बंधनं लागू आहेत. एटोरीकॉक्सिबबद्दल तिथला नियम असा की बीपी सतत 140/90 च्या वर राहत असेल तर ती गोळी सुरूच करू नये.

रोजची ॲस्पिरिन आणि मध्येच घेतलेली आयबुप्रोफेन

ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे किंवा ज्यांना अटॅक येऊन गेला आहे, त्यांना बहुधा रोज थोड्या मात्रेत ॲस्पिरिन चालू असते. ती प्लेटलेटमधल्या कॉक्स-1 ला कायमची निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही आणि आपल्या आयुष्याचे उरलेले दिवस, साधारण आठ-दहा, तशीच काढते. म्हणून दिवसातून एक छोटी गोळी पुरते.

कॉक्सच्या रेणूत एक अरुंद बोळ असतो. ॲस्पिरिनला त्या बोळातून आत शिरून ठरावीक जागी आपला रासायनिक ठसा उमटवायचा असतो. आयबुप्रोफेन त्याच बोळात जाऊन बसतं, पण तात्पुरतं. आधी आयबुप्रोफेन घेतली असेल तर नंतर आलेल्या ॲस्पिरिनला वाट बंद मिळते. ॲस्पिरिन तर रक्तात फार टिकत नाही, साधारण वीस मिनिटांत तिचं प्रमाण निम्म्यावर येतं. काही तासांनी आयबुप्रोफेन बोळातून निघून जाते, पण तोवर ॲस्पिरिन संपलेली असते. गोळी वेळेवर घेतली आणि तरीही त्या दिवशीचं संरक्षण मिळालं नाही, असं होतं. रुग्णाला याचा पत्ताही लागत नाही, कारण यात दुखत-खुपत काहीच नाही.

एफडीएचा यावरचा सल्ला असा की साध्या ॲस्पिरिननंतर किमान 30 मिनिटांनी आयबुप्रोफेन घ्यावी, किंवा ॲस्पिरिनच्या 8 तासांहून आधी. पण हा हिशोब साध्या, लगेच विरघळणाऱ्या ॲस्पिरिनचा आहे. हृदयरुग्ण बऱ्याचदा आतड्यात विरघळणारी, आवरण असलेली ॲस्पिरिन घेतात, तिला तो लागू पडेल याची खात्री नाही. शिवाय दोन्ही एकत्र घेतल्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो तो वेगळाच. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी दुसरी पेनकिलर डॉक्टरांना न विचारता घेऊच नये.

धोक्याचा आणखी एक रस्ता किडनीतून जातो. या गोळ्या किडनीतली प्रोस्टाग्लँडिन घटवतात, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पायांवर सूज येते, बीपी चढतं. आटोक्यात असलेलं बीपी अचानक का बिघडलं याचं उत्तर कधी कधी गुडघ्यासाठी सुरू केलेल्या गोळीत सापडतं. बीपीच्या काही गोळ्या, रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या, त्यासोबत लघवी वाढवणारी गोळी आणि वर पेनकिलर, असं तिहेरी मिश्रण तर किडनीला अचानक निकामी करू शकतं, विशेषतः उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना. हार्ट फेल्युअरचे रुग्ण यात सर्वांत नाजूक. त्यांचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं किंवा आडवं पडल्यावर दम लागू लागला, तर आधी पेनकिलर थांबवून डॉक्टरांना कळवायला हवं.

मग दुखलं तर करायचं काय? दुखणं सोसत बसा, असं मी अजिबात म्हणणार नाही. सततच्या वेदनेनं चालणं बंद होतं, झोप जाते, वजन वाढतं आणि हे सगळं हृदयालाही वाईटच. गुडघा किंवा हाताच्या बोटांचे सांधे दुखत असतील तर डायक्लोफेनॅकचं जेल हा चांगला पर्याय आहे. गोळीच्या तुलनेत त्यातलं औषध रक्तात फार थोडं, साधारण 6 टक्के उतरतं. खोल असलेल्या खुब्यासाठी किंवा कंबरेसाठी मात्र ते तितकं पोहोचत नाही. पॅरासिटामॉल सुजेवर काम करत नाही, पण बऱ्याच दुखण्यांना पुरतं आणि प्लेटलेटच्या या रस्सीखेचीत फारसं पडत नाही. त्यालाही मर्यादा आहे: बीपी असलेल्यांनी रोज 4 ग्रॅम घेतलं तर बीपी 5 अंकांच्या आसपास चढतं, असं 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्कॉटिश चाचणीत दिसलं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं, त्या तर रोज नकोतच.

पेनकिलर घ्यायचीच झाली तर सर्वांत कमी मात्रा आणि सर्वांत कमी दिवस. आणि गोळीच्या पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचायची. सर्दी-तापाच्या, मासिक पाळीच्या, अंगदुखीच्या अनेक मिश्र गोळ्यांत याच कुळातलं एखादं औषध असतं. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेणाऱ्याला आपण एकाच कुळातली दोन औषधं घेतोय हे कळत नाही. अशा जोडीनं वेदना फारशी जास्त कमी होत नाही, धोका मात्र वाढतो.

आमवात किंवा मणक्याचा दाहक संधिवात असलेल्यांनी हे वाचून रोजची गोळी एकदम बंद करू नये. त्यांच्या अंगातला दाह स्वतःच हृदयाचा शत्रू असतो. तिथे खरा उपाय मूळ आजार आटोक्यात आणणाऱ्या औषधांचा. तो आजार शमला की पेनकिलरची गरज आपोआप घटते. तोवर बीपी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन ठरावीक काळानं तपासून घ्यावं.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डावा खांदा, जबडा, दोन्ही फऱ्यांमधली पाठ किंवा पोटाचा वरचा भाग अचानक दुखू लागला, घाम फुटला, मळमळलं, दम लागला, तर त्या दुखण्यावर पेनकिलर घेऊन ‘बघू उतरतंय का’ म्हणत थांबायचं नाही. ते हृदयाचं दुखणं असू शकतं, विशेषतः मधुमेहींमध्ये, वयस्करांमध्ये आणि स्त्रियांमध्ये, कारण त्यांच्यात छातीतली ठरावीक कळ नेहमी येतेच असं नाही. अशा वेळी ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायची आणि गेल्या काही दिवसांत कुठल्या पेनकिलर घेतल्या तेही डॉक्टरांना सांगायचं.